डोंगराकडं दोन पावलं

गावित सरांचा निरोप माझ्या भाच्याच्या फोनवर आला. त्यात एवढंच होतं: "टॅबमधल्या बाईंना एकदा शाळेत पाठवा. गरज आहे."

टॅबमधली बाई म्हणजे मी. भाचा निनाद एका छोट्या संस्थेत काम करतो. ही संस्था पेठ तालुक्यातल्या काही प्राथमिक शाळांना टॅब देते. त्यावर मुलं वाचायला शिकतात आणि कोडिंगही शिकतात. कोडिंग या शब्दाला घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. पडद्यावर चौकटी असतात. एका चौकटीत शेळी, दुसऱ्या एखाद्या चौकटीत पाला. मुलाने सूचना ओळीने मांडायच्या, पुढे, पुढे, डावीकडे, पुढे, आणि मग शेळीला सोडायचं. पाला मिळाला तर "शाबास." नाही मिळाला तर "चूक. पुन्हा प्रयत्न कर." हे दोन्ही मी म्हणते.

तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेल्या मावशीचा आवाज स्पष्ट असणार आणि ती मानधन मागणार नाही, असा निनादचा अंदाज होता. दोन्ही बाबतींत तो बरोबर ठरला. रेकॉर्डिंग माझ्या कपड्यांच्या कपाटात बसून केलं. शालू आणि रजया असल्या की आवाज घुमत नाही म्हणे.

"गरज आहे" याचा अर्थ मी सत्कार असा घेतला. बॅगेत बरी साडी ठेवली आणि शाल-नारळापुरती जागा मोकळी सोडली. सोबतीला फिलोमिना. शरणपूर रोडची फिलू आणि मी कॉन्व्हेंटमध्ये पहिलीपासून एका बाकावर. ती कुठेही यायला तयार असते. खिडकी तिला हवी, एवढीच अट.

गुरुवार

जुन्या सीबीएस बसस्टँडवरून सकाळी पेठची लाल गाडी पकडा. बायकांना अर्धं तिकीट असल्याने पन्नास-साठ रुपयांत काम होतं. सुट्टे पैसे ठेवा.

"मावशी, अर्धं की फुकट?" कंडक्टरने फिलूला विचारलं.

"फुकट कोणाला असतं?"

"पंचाहत्तरच्या वर."

फिलू सदुसष्टची आहे. तिने अर्धं तिकीट घेतलं आणि सावळ घाट संपेपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. त्यामुळे मला रामशेजचा किल्ला शांतपणे बघता आला. करंजाळीला गाडी थांबली तेव्हा गरम वडापाव खाऊन तिने कंडक्टरला माफ केलं. वडा चांगला होता, हे वेगळं सांगायला नको.

पेठपासून पुढे काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा तिच्यात अजून पाच जणांची जागा असते. शेवटचा टप्पा पायी, वीस मिनिटं. भात कापून झालं होतं, नागली खळ्यावर आली होती. चढ फार नाही, पण चप्पल पट्ट्याची घाला.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे अंगण, एका बाजूला डोंगर. गावित सर पायरीवरच उभे होते. तिशीतला माणूस, इथल्याच पाड्यावरचा. शाल दिसली नाही.

मी वर्गात जाऊन म्हटलं, "नमस्कार मुलांनो."

सगळी मुलं ताडकन उभी राहिली आणि समोरच्या टॅबकडे बघायला लागली. टॅब बंद होते.

"बाई बोलायला लागली की उभं राहायचं असतं," सर म्हणाले. "मी नाही सांगितलं. त्यांचं त्यांनीच ठरवलंय."

मग एकेकाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "ही तर म्हातारी हाय," एक जण म्हणाला. फिलू खिडकीबाहेर बघू लागली. एक मुलगी मात्र उभी न राहता बसल्या बसल्या मागे सरकली, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. तिच्यासमोर टॅब पालथा ठेवलेला होता.

मधल्या सुट्टीत सरांनी गरज काय ती सांगितली. मुलीचं नाव रोशनी, दुसरीत. शेळीचा खेळ सगळ्यांत आधी तिला जमला. वाचायलाही लागली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी तिची शेळी चुकायला लागली. आठ-दहा वेळा लागोपाठ "चूक" ऐकल्यावर तिने टॅब पालथा घातला. तो अजून सुलटा केलेला नाही.

"सोमवारी पिकअप येणार," सर म्हणाले. "अर्धा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं जातो, होळीला परत. जाणाऱ्या मुलांबरोबर टॅब द्यायची परवानगी मी मिळवलीय. टॅब गेला तर हिचं वाचन चालू राहील. नाही तर होळीनंतर परत पहिल्यापासून. पण ही घेतच नाय म्हणते."

"का पण?"

सर जरा घुटमळले. "म्हणते, ती बाई माझ्यावर रागावलीय."

फिलूने एक टॅब उचलला आणि शेळीला मुद्दाम भलत्या चौकटीत पाठवलं. "चूक," मी टॅबमधून म्हणाले. "पुन्हा प्रयत्न कर."

फिलूने तेच परत लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर ऑगस्टीन."

ते खरं होतं, तो सूर त्यांचाच होता. सिस्टर ऑगस्टीन आम्हाला दुसरीला होत्या. त्यांच्याकडे एक लाकडी पट्टी होती. ती त्यांनी कधी कोणाला मारली नाही, फक्त टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अगेन." मी घरात मराठी बोलणारी मुलगी. एका धड्यावर इतक्या वेळा "अगेन" झालं की दिवाळीपासून नाताळपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. आईने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशासाठी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, त्या मी तीन आठवडे केल्या. सिस्टर वाईट नव्हत्या. नाताळच्या सुट्टीआधी त्यांनी झग्याच्या खिशातून काढून मला एक पेपरमिंटची गोळी दिली होती. तिला थोडा खडूचा वास होता. तो वास अजून आठवतो. आवाज विसरले असं मला वाटत होतं.

मुक्काम सरांच्या घरी केला. इथे लॉज नाही, लॉज पेठला. सरांच्या बायकोने नागलीच्या भाकरी, उडदाची आमटी आणि लसणाची चटणी केली. चटणी जपून घ्या. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागच्या दगडावर मिळते आणि संध्याकाळी दगडाला रांग असते.

शुक्रवार

सरांनी शाळेच्या अंगणात चुन्याने चौकटी आखल्या आहेत. टॅब हातात देण्याआधी मुलं तिथे स्वतः शेळी होतात. मी पदर खोचला आणि पायरीखालच्या पहिल्या चौकटीत उभी राहिले.

"आज मी शेळी," मी म्हटलं.

मुलांना हे योग्य वाटलं. सरांनी एका चौकटीत आंब्याची डहाळी ठेवली आणि माझ्यासमोर उभं राहून हाताने दिशा दाखवू लागले. ते समोर तोंड करून उभे असल्यामुळे मी त्यांची डावी ती माझी समजले आणि हात धुवायच्या टाकीपाशी पोचले. मुलं हसली. दुसऱ्यांदाही मी टाकीपाशीच पोचले. यात माझा काही डाव होता असं पुढे सरांनी सगळ्यांना सांगितलं. तसं काही नव्हतं. तिसऱ्यांदा माझा गुडघा कुरकुरला आणि मी चौकटीतच थांबले.

"तिकडं नाय," भिंतीजवळून आवाज आला. "डोंगराकडं."

रोशनी उठून पायरीपर्यंत आली होती.

"किती?" मी विचारलं.

"डोंगराकडं दोन पावलं. मंग शाळंकडं एक."

मी तशी चालले आणि डहाळीवर पोचले. सरांनी कपाळाला हात लावला. अंगणात मुलं पायरीकडे पाठ करून उभी राहतात तेव्हा डोंगर डावीकडे येतो. वर्गात फळ्याकडे तोंड करून बसतात तेव्हा तोच डोंगर उजवीकडे. रोशनीने "डावीकडे" म्हणजे डोंगराकडे असं अंगणात शिकून घेतलं होतं. तोवर टॅबही ती अंगणातच खेळली होती; त्या दुपारी ती वर्गात बसून दर वेळी डोंगराकडचाच बाण दाबत होती. तिचा डोंगर जागेवर होता. आम्ही तिला चूक म्हणत होतो.

"मी तुझ्यावर रागावले नव्हते," मी तिला म्हटलं. "मी तेव्हा कपाटात होते."

"कपाटात कशाला?"

"आवाज घुमू नये म्हणून."

"कोणी कोंडलं?"

"भाच्याने."

तिने यावर विचार केला. इथली मुलं सगळ्यांना तू म्हणतात, सरांनाही. "मंग तूच भ्याली असशील," ती म्हणाली.

पुढचा डाव तिने सांगितला आणि मी चालले. मी अर्थातच चुकले. सगळे तिच्याकडे बघायला लागले. रोशनीने मान ताठ केली आणि हुबेहूब माझ्या आवाजात, सिस्टर ऑगस्टीनच्या आवाजात, म्हणाली, "चूक. पुन्हा प्रयत्न कर." फिलूला पायरीवर बसावं लागलं. मला त्या क्षणी पट्टी टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. माझा चेहरा पडला असावा, कारण रोशनी जवळ आली आणि अगदी हळू, आपल्या आवाजात म्हणाली, "असू दे. परत बघ."

मी सरांना गोधडी मागितली. कपाट नव्हतं, म्हणून मी आणि रोशनी दोघी गोधडीखाली बसलो आणि तिने माझ्या फोनमध्ये तेच चार शब्द म्हटले. दोनदा हसू आलं म्हणून तीनदा म्हटले. मग रेंजच्या त्या दगडावर चढून मी निनादला फोन लावला. मागे दोन माणसं थांबली होती, त्यांनी सगळं ऐकलं.

"'चूक' काढून टाक आणि हे घाल," मी सांगितलं. "आणि पडद्याच्या एका कडेला डोंगर काढ."

"मावशी, हे अर्ध्या तासाचं काम आहे," निनाद म्हणाला. त्याला पूर्ण शनिवार लागला.

निघताना रोशनीने विचारलं, "द्राक्षाच्या मळ्यात आपला डोंगर नाय. तिथं काय बघायचं?"

"टॅबमध्ये डोंगर येणार आहे. तो तुझ्याबरोबर येईल."

"आमचाच?"

"तुमचाच. सरांनी फोटो पाठवलाय."

"बघू," ती म्हणाली. टॅब अजून पालथाच होता. परतीच्या गाडीत फिलूने मला खिडकी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

घरी

पेठ, करंजाळी, घाट, दोन दिवस-एक रात्र, दोघींचा खर्च हजाराच्या आत. दिवाळीनंतर गेलात तर हवा छान असते. शाळेत जाणार असाल तर आधी सरांना विचारा आणि सत्काराची अपेक्षा ठेवू नका.

रविवारी सर दगडावर बसून एकेका टॅबवर नवा खेळ उतरवून घेत होते. सोमवारी दुपारी त्यांचा निरोप आला: "पिकअप गेली. टॅब पण गेला. हादऱ्यानं फुटू नये म्हणून तिच्या आईनं तांदळाच्या गोणीत मधोमध ठेवलाय. रोशनी गोणीवर बसली होती, कोणाला टेकू देत नव्हती."

बॅगेतली मोकळी जागा मी तशीच परत आणली. साडी कपाटात लावताना रजयांमध्ये थोडा वेळ उभी राहिले. सिस्टर ऑगस्टीनना कोणी कुठे कोंडलं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला त्या नाहीत.

निनादने माझ्या टॅबवरही तो खेळ टाकून दिलाय. डाव्या कडेला डोंगर आहे, खरंच त्यांचाच. "शाबास" अजून मीच म्हणते, पण ते फार ऐकू येत नाही. माझी शेळी टाकीपाशी जाते, रोशनी म्हणते, "असू दे. परत बघ," आणि मी परत बघते.

मी मुद्दाम चुकते, असं फिलूला सांगितलंय.