टावरच्या प्लेटा

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी टावरच्या प्लेटा पुसल्या. ती तांब्यानं पाणी टाकत होती, मी तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसत होतो. "कोपरा ऱ्हायला की! डोळे फुटले का?" म्हणाली. लग्न झाल्यापासून ती मला असंच बोलायची. आता कोणी बोलत नाही.

मोबाईलचा टावर आमच्याच वावरात, बोरीच्या शिवारात. आधी तिथं डिझेलचं इंजन धडधडायचं, म्हैस पान्हा सोडायची नाही. मग टावर कंपनीच्या साहेबानं ते काढून उन्हावर चालणाऱ्या प्लेटा बसवल्या आणि पुसायचं काम आम्हाला दिलं. पहिल्याच दिवशी हिनं त्या भांड्यागत राखेनं घासल्या. साहेब कपाळाला हात लावून खालीच बसला. ते गोल ओरखडे अजून हायेत.

दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. फोन कमी होतात, म्हणून साहेबानं ठरवलं, टावर दुपारी निजवायचा, म्हणजे बॅटरी रातभर पुरंल. ही कमरेवर हात ठेवून उभी.

"साहेब, आमची लेक दुपारीच फोन करती. उसाची गाडी भरली की तिला घडीभर सवड. सांजच्याला तिच्या भाकरी तुमी थापणार का?"

"मावशी, एका लेकीसाठी टावर जागा ठेवू?"

"एक कशाची? समद्या गावाच्या लेकी तिकडंच हायेत!"

साहेब हसला. पण कोण कधी बोलतंय ते त्यानं हप्ताभर तपासलं आणि दुपारची झोप बंद केली. ही लय दिवस मिरवली.

प्लेटा पुसल्या त्या दिवशीही दुपारी लेकीशी बोलली. सांजच्याला चुलीपाशी बसल्या जागी गेली. दुखणं नाही, काही नाही.

लेकीला खबर दिली. "मी येईस्तोवर आईला हलवू नका. परभणीला उतरले की फोन करते," एवढंच बोलली. मग सोयऱ्यांना कळवायला सारं गाव रातभर फोनवर. बॅटरी उतरणारच.

सकाळी अंगणात माणसं बसली होती. मी तांब्या आणि फडकं उचललं.

"येड लागलं का?" चुलतभाऊ म्हणाला. "मयत दारात आन तुमी प्लेटा पुसायलाव?"

"लेकीचा फोन यायचाय," म्हणलं.

वावरात गेलो. एकट्यानंच पाणी टाकलं, एकट्यानंच पुसलं. कोपरेसुद्धा.