दराजानीची हिरवी फुली

पांगानी नदीवरचा लोखंडी पूल इथे राज्य होतं तेव्हा जर्मनांनी बांधला, पण त्याच्या उशाशी वसलेल्या दराजानी वस्तीचा इतिहास विचारावा तो म्हाताऱ्या झैतुनी बिबीलाच. तिचा बाप या पुलाचा पहारेकरी. जर्मनांनंतर आलेल्या इंग्रजांनी झोपड्यांवर आकडे घातले आणि मागोमाग कर बसवला, तेव्हा बाप म्हणाला होता, "भिंतीवर कोणी काही लिहिलं, की घरातलं काहीतरी जाणार." स्वातंत्र्य आलं. सरकारी माणसं खडूने खुणा करून गेली आणि आठवड्यात निम्मी वस्ती ट्रकांत घालून लांबच्या गावी नेली. बिबीची धाकटी बहीण त्यातच गेली, ती परत दिसलीच नाही. तेव्हापासून रंगाचा डबा पाहिला की बिबीच्या कपाळाला आठी.

आता नवा पूल होणार होता. बिबी सुकी मासळी विकून परतली, तर दाराशेजारी हिरवी फुली!

शेजारचा शेम्दोए खुशीत होता. "बिबी, तांबडी फुली म्हणजे हात हलवत चालते व्हा. हिरवी म्हणजे टेकडीवर जागा मिळणार!"

"तुला कोणी सांगितलं?"

"रंगवणाऱ्यानेच."

"चोराने सांगितलं आणि तू कुलूप काढलंस! अरे, साप काय हिरवा नसतो?"

हा मेला त्यांना सामील असणार, बिबीने ओळखलं. काम अर्धवट सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं. नदीची वाळू आणून तिने फुली घासघासून काढली, वर चुन्याचे तीन हात दिले.

काही दिवसांनी यादीची वही घेऊन साहेब आला. "बिबी, इथे खूण होती का? आठवून सांगा."

एवढं गोड बोलतोय, म्हणजे नक्कीच काळंबेरं.

"बापाची शपथ, इथे कोणी आलंच नाही!"

पुढच्या आठवड्यात ट्रक आले. बिबी दाराला पाठ लावून आत बसली. पण या खेपेला माणसं गात गात चढत होती. शेम्दोए कोंबड्यांची पाटी सांभाळत ओरडला, "चाललो गं बिबी! पूल दिसेल असंच घर बांधतो!"

मग रंगवणारा आला. डबा तांबडा.

"अरे, इथे हिरवी होती! देवाशपथ होती!"

"बिबी, यादीत नाव नाही, म्हणजे घर जागेसाठी मागाहून घुसवलेलं. तुम्हीच तर साहेबांपुढे बापाची शपथ घेतलीत."

बिबीने आतून सुरी आणली आणि चुना खरवडायला घेतला. तिन्ही थर गळून पडले. खाली नुसती स्वच्छ माती होती.