ओढ्यापलीकडे गेलेली राहुटी

भुताखेतांच्या बाबतीत मी आमच्या घरात बदनामच होते. सासूबाईंनी मुलींची दृष्ट काढायला मिरच्या हातात घेतल्या, की 'निम्म्या आमटीला ठेवा' असं मी म्हणत असे. अमावास्येला नखं कापणारी आमच्या आळीत मी एकटीच. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी बाई ठरवू नये... ठरवायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून ठरवावं.

आम्ही तेव्हा जव्हारला होतो. आमचे हे जंगल खात्यात कारकून. भाताची झोडणी उरकून थंडी पडली, की दरवर्षी तीन दिवसांची रजा काढून हे आम्हाला संस्थानच्या राखीव रानात राहुटी ठोकून राहायला नेत. साहेब लोक बायकामुलांना घेऊन कॅम्प करतात असं यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, तेव्हापासूनचं हे खूळ. आळीतल्या बायका हसायच्या – 'घर दोन कोसांवर, आणि ह्या बाई रानात दगडांवर भात शिजवतात!' हसोत बापड्या. मला ते तीन दिवस फार आवडायचे. सोवळं नाही, पाहुणे नाहीत, पदर घसरला तर बघायला फार तर एखादं माकड.

जागा नीट सांगते. शिरपामाळाच्या अंगाने पायवाट उतरते, ती दोन कोसांवर एका ओढ्याशी येते. ओढ्याच्या जव्हारकडच्या काठाला मऊ मातीची सपाटी आहे, पलीकडे नुसता काळा कातळ. मध्ये गुडघाभर पाणी.

तिथला रखवालदार लहानू. पन्नाशीचा, काटक, मोजकं बोलणारा. त्या नोकरीवर त्याला रानाच्या कडेला एक खोपटी आणि नागलीपुरता जमिनीचा तुकडा मिळालेला होता. नोकरी गेली की दोन्ही जाणार, अशी ती व्यवस्था. बायको, म्हातारी आई, सगळे त्या तुकड्यावर.

त्या वर्षी आम्ही सकाळी पोचलो तर लहानू आधीच येऊन उभा. म्हणाला, "भाऊसाहेब, काल सांजला दोनी काठाला दाणे मांडलेले. या काठाचा दाणा इकडं-तिकडं झाला. त्या काठाचा जागचा हलला नाय. तिकडं राहा."

लहानूच्या लोकांत नवीन जागी खोप घालायची, तर आदल्या संध्याकाळी तांदळाचे सात दाणे जमिनीवर मांडून वर पान झाकतात. सकाळी दाणे जसेच्या तसे असले तर जागा 'देते', म्हणजे राहू देते. विस्कटले तर देत नाही.

"मुंग्यांनी नेले असतील," मी म्हटलं.

"मुंगी तिकडं पण हाय बाय," लहानू म्हणाला.

हे हसले. "अरे, जागा संस्थानची. ती देणार कोण? आणि त्या कातळात खुंटी कशी ठोकू, तूच सांग."

मग लहानूनेच मऊ मातीत खैराच्या आठ खुंट्या ठोकल्या, राहुटी ताणून दिली, चुलीला तीन दगड आणून मांडले. इतक्यात यांच्या खिशात ऑफिसच्या कपाटाची किल्ली निघाली! रजेवर येताना तशीच घेऊन आलेले. मग लहानूलाच किल्ली देऊन जव्हारला पिटाळलं. तेव्हा दहा वाजले होते, यांच्या खिशातल्या घड्याळात मी स्वतः पाहिले.

दुपारी साडेबाराच्या सुमारास हे आणि थोरली कमल ओढ्यात आंघोळ करत होते. चुलीवर आमटी होती. मी राहुटीत सुपात तांदूळ निवडत बसले होते, धाकटी मनू शेजारी झोपलेली. मी झोपले नव्हते. हे तीनदा सांगते, कारण मला ते शंभर जणांनी विचारलंय. एक खडा सापडला, तो टाकायला मी राहुटीच्या दाराचा पडदा बाजूला केला... आणि समोर चूल नव्हती.

समोर ओढा होता. ओढ्याच्या पलीकडे मऊ माती, तिच्यात माझी चूल, चुलीवर माझी आमटी उतू जातेय. पाण्याच्या मधोमध हे उभे, तोंडाला साबण, आणि कमल त्यांच्या धोतराला धरून रडतेय. मी कातळावर होते. राहुटीसकट.

हे सांगतात, साबण डोळ्यात गेला म्हणून पाणी मारलं, तेवढाच काय तो वेळ. मला साधा हिसकासुद्धा बसला नाही. सुपातला दाणा हलला नव्हता, मनू त्याच कुशीवर झोपलेली. पण खरं अंग थिजलं ते खुंट्या बघून. आठही खुंट्या कातळात डोक्यापर्यंत रुतलेल्या. भेग नाही, चीर नाही, आजूबाजूला दगडाचा कपचासुद्धा नाही. पलीकडे मऊ मातीत आठ भोकं तशीच. यांनी खुंट्या उपटायचा जीव तोडून प्रयत्न केला. शेवटी दोर कापून राहुटी सोडवली आणि आम्ही चंबूगबाळं आवरून उन्हाचंच घर गाठलं.

लोक विचारतात, मग जुन्या जागी काय झालं? झाड पडलं का? वाघ आला का? काही झालं नाही. आमटी करपली. देवाने वाचवलं, असं म्हणायचीही सोय नाही.

आता मला खरा संताप कशाचा येतो ते सांगते. सरकारी राहुटीचे दोर कापले, म्हणून यांना रिपोर्ट लिहावा लागला. यांनी भाबडेपणाने सगळं लिहिलं, लहानूचे दाणेसुद्धा. साहेबांनी (नाव लिहीत नाही, आता हयात नाहीत) तेवढंच नेमकं उचललं. रखवालदाराला राहुटी पलीकडे हवी होती, राहुटी पलीकडे गेली, म्हणजे त्यानेच नेली!

अहो, कशी नेली? साडेबाराला लहानू या साहेबांच्याच टेबलासमोर उभा होता! किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने घेतली होती, आणि पोच लिहून देतो म्हणून दोन वाजेपर्यंत त्याला ताटकळत ठेवलं होतं. यांनी तसं सांगितल्यावर म्हणाले, मग त्याच्या पाड्यावरच्या माणसांनी नेली असेल. मी आत बसलेली असताना? कातळात खुंट्या ठोकून? 'कातळाला भेगा असतात,' म्हणाले. दोन कोसांवर येऊन बघा तरी, असा मी निरोप धाडला. आले नाहीत. माझे दीर मुंबईच्या कॉलेजात सायन्स शिकत होते, त्यांनी पत्रात लिहिलं, 'वहिनी, डुलकी लागली असेल.' डुलकीने कातळाला भोकं पडतात, हे सायन्स मला नवीन होतं.

चौथ्या दिवशी ऑफिसातून कागद आला. राहुटी रखवालदाराच्या माणसांनी खोडसाळपणे हलवली, असा मजकूर तयारच होता. खाली यांची सही हवी होती, आणि आत बसलेली साक्षीदार म्हणून माझी. नाहीतर यांनी नशेत सरकारी सामानाची नासधूस केली, अशी नोंद होणार होती. सुपारीचंही व्यसन नसलेल्या माणसावर!

यांनी सही केली. रात्री जेवले नाहीत, पण केली. सकाळी कागद माझ्यापुढे ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन मुली आहेत आपल्याला."

मीही केली. माझं अक्षर चांगलं आहे, लहानपणी त्याचं बक्षीस मिळालं होतं. अगदी स्वच्छ सही केली.

आठवड्याने लहानू आमच्या अंगणात आला. डोक्यावर बोचकं, मागे बायको, म्हातारीला हाताला धरलेलं. पोशेऱ्याला मेव्हण्याकडे निघाले होते. मी आत पळणार होते, पण त्याने हाक मारली.

"बाय, तुमी आत होता. आमी नव्हतो, ठाव हाय ना तुमाला?"

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"मंग बरा," म्हणाला, आणि निघून गेला. माझी सही त्याला कुणी दाखवली होती का, हे मी विचारलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हे गेले, मुली सासरी आहेत, माझी नोंद कुणी कुठे करणार नाही. म्हणून आज लिहितेय. राहुटी ओढ्यापलीकडे कशी गेली, कातळात खुंट्या कशा रुतल्या, मला आजही सांगता येत नाही, आणि ज्यांनी सांगायचा आव आणला त्यांच्यापैकी एकही तिथवर चालत गेला नाही. पण लहानूने ती नेली नाही. हे मी शपथेवर सांगते. त्या सकाळी दौत पुढ्यात होती, तेव्हाही मला हे इतकंच पक्कं माहीत होतं.