सातवी रेकॉर्ड

वजनकाट्यावरच्या या कारकुनाला सगळे कानसेन म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तो ते खुशाल कौतुक समजून घेई. दिवसभर भरलेले ट्रक काट्यावर चढत, रिकामे उतरत, आणि हा मधला फरक कागदावर लिही. त्यापलीकडे आयुष्यात त्यानं काही उचलून पाहिलं नव्हतं.

पण घरी मात्र जॅझ होतं. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डींचे बॉक्स सेट लावलेले. जाड पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे, कुशीत घ्यावं तर लेकराएवढ्या वजनाचे. प्रत्येकावर कारखान्यातून आलेलं पातळ प्लॅस्टिक तसंच ताणलेलं. ते फाडलं की माल जुना झाला, असं त्याचं शास्त्र. विहीर खणावी, तिच्यावर फळी ठोकावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याची चव सांगत बसावं, तसा हा माणूस. रेकॉर्ड प्लेअरवर क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालावर फुलदाणी.

जॅझ ऐकणाऱ्या सात-आठ जणांचा फोनवर एक ग्रुप होता. आज काय ऐकलं, ते रोज संध्याकाळी एकमेकांना कळवायचं, एवढाच त्यांचा रिवाज. कानसेन एका खोक्याचा फोटो टाके, खाली लिही, ‘ऐकतोय. शब्द नाहीत.’ आणि मग शब्दच शब्द. कुणाकुणाची मतं वाचून, उलटीसुलटी करून, त्यांवर आपले उसासे शिंपडून तो ती पाठवी. लोक वा वा करत. वा वा करायला कुणाचं काय जातं?

ग्रुपमध्ये वाचनालयाच्या बाई होत्या आणि एक घड्याळवाला होता. घड्याळवाल्याकडे मोजून चार संच, तेही कोपरे झिजलेले. दुकानात एका हातानं चक्र बसवताना तो तेच ते पुन्हा पुन्हा ऐके आणि ग्रुपवर कधीतरी एखादी ओळ टाके.

पुढे बाईंनी ठरवलं, की दर शनिवारी वाचनालयात लोकांना जॅझ ऐकवायचं. एक जण खुर्चीत बसून रेकॉर्ड लावील, दोन शब्द सांगेल. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं दोनच होती. घड्याळवाल्याच्या दुकानात त्या बसून आल्या होत्या. आता रविवारी सकाळी कानसेनाकडे यायचं ठरलं.

कानसेनाला त्या खुर्चीचा ध्यास लागला. काट्यावर त्याला बसायला स्टूल होतं. लोक समोर बसलेत आणि आपण सांगतोय, हे चित्र जेवतानाही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ग्रुपवर सगळ्यांत जास्त वा वा मिळाली होती ती आठ रेकॉर्डींच्या एका संचातल्या सातव्या रेकॉर्डला. तीच लावायचं त्यानं जाहीर केलं.

तोच संच घड्याळवाल्याकडेही होता. त्या आवृत्तीत कारखान्यानं एक घोटाळा केला होता. लेबल सातवीचं, पण आत तिसरीच उमटलेली. सगळ्या खोक्यांत तसंच. कंपनीनं ते छापून कळवलं नव्हतं. ज्यानं लावून ऐकलं त्यालाच कळलं. घड्याळवाल्यानं कंपनीला लिहून मागवली तेव्हा त्याला खरी सातवी मिळाली. पण तो कुणापाशी बोलला नाही.

रविवारी भल्या सकाळी कानसेनानं ब्लेडनं प्लॅस्टिक कापलं. इतकं जपून, जणू स्वतःचंच कातडं सोलतोय. बायको रुमाल-फुलदाणी उचलत म्हणाली, "अहो, एकदा लावून तरी बघा."

"सुई घासते गं. उगाच कशाला?"

"मग हे आणलंय कशाला?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

पाहुणे आले, बाई आणि त्यांच्याबरोबर घड्याळवालाही. चहा झाला. रेकॉर्ड फिरू लागली. ट्रम्पेट आधी लांबून आलं, मग उंबऱ्यात उभं राहिलं, मग सरळ घरात शिरलं. बायको कपबशा न्यायला आली होती, ती तशीच दाराशी थांबली. कानसेन डोळे मिटून, सूर जाईल त्याच्या उलट दिशेला मान हलवत होता.

बाजू संपली. घड्याळवाल्यानं हळूच विचारलं, "आणि तिसरी कशी वाटते, राव? हिच्यापुढे?"

"जमीन-अस्मानाचा फरक! तिसरीत तो अजून शिकतोय. इथे पिकलाय. हे दुःख तिसरीत कुठून येणार?"

"लावू का तिसरी? बाईंनाही फरक कळेल."

"लावा की! बघाच तुम्ही, बाई."

घड्याळवाल्यानं तिसरी लावली. ट्रम्पेट लांबून आलं, उंबऱ्यात उभं राहिलं.

"अहो," दारातून बायको म्हणाली, "हे आत्ताच झालं की!"

बाई रिकाम्या कपात बघत राहिल्या. घड्याळवाल्यानं कारखान्याचा घोटाळा दोन वाक्यांत सांगितला. आवाजात खवचटपणा नव्हता, तोच जास्त लागला. कानसेनाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. पण असली माणसं आडवी पडली तरी नाक वर असतंच.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हटलं, तुमच्या लक्षात येतंय का बघू."

"बरं," घड्याळवाला म्हणाला. तेवढंच.

खुर्ची अर्थातच घड्याळवाल्याला मिळाली. पहिल्या शनिवारी कानसेन काही गेला नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिला आणि पडल्यापडल्या एका कोऱ्या खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला. ‘ऐकतोय.’ कुणी वा वा केली नाही. सगळे वाचनालयात होते.

बायकोही गेली होती. न विचारता, चपला घालून, सरळ. दिवेलागणीला ती परत आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"काय म्हणत होते माझ्याबद्दल?"

"काही नाही," ती म्हणाली. "ऐकत होते सगळे."