सहा तुकड्यांचा शब्द

लेओकाद्याबाईंनी चाळीस वर्षं आमच्या गावातल्या पोरांना टेबल वाजवून वाचायला शिकवलं. लांबलचक शब्द आला की त्याचे तुकडे पाडायचे, तुकड्यागणिक बोटाने टकटक, आणि शेवटून दुसऱ्या तुकड्यावर मूठ. "हाणा! शब्दाचा जीव तिथे असतो," असं ओरडायच्या. मूठ चुकली की कान धरायच्या. विन्सेंतीला तर त्यांनी दुसरीत दोनदा नापास केलं.

नोव्हेंबरात चर्चमध्ये दिवंगतांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचतात; आमच्याकडे अकाली गेलेल्याचं वयही वाचतात. फादर नावं गिळतात, म्हणून हे काम बाईंकडे. फक्त बोगुमिऊची चिठ्ठी आली की त्या ती मुकाट्याने फादरांकडे सरकवायच्या. बोगुमिऊ त्यांचा एकुलता एक मुलगा. नदीवरचा बर्फ फुटून तेविसाव्या वर्षी गेला. अकरा वर्षं हे असंच चाललं.

यंदा मार्चमध्ये बाईंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं इस्पितळातलं काम, त्यामुळे मी रोज जायचे. "आई", "घर", "पाव" असले सोपे शब्द समोर धरले, तर बाईंनी ते कागद उडवून लावले. डाव्या हाताने लिहिलं, 'त्याची चिठ्ठी. या वर्षी मी.'

"अहो बाई, त्याचं वय म्हणजे सहा तुकड्यांचा शब्द आहे! आधी पाव तरी मागा," मी चिडलेच. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. मग काय, आठ महिने आम्ही तोच एक शब्द कुटला. बिटाचं सूप रोज गार व्हायचं. मी घरी जाऊन रडायचे. बाई नाही रडल्या.

दोन नोव्हेंबरला चर्चमध्ये बाई काठी वाचनाच्या मेजाला टेकवून उभ्या राहिल्या. नाव निघालं, वेडंवाकडं, पण निघालं. मग बोट लाकडावर पडू लागलं. "द्वु... जे... स्तो... त्शी..." तेवीस वर्षांचा, आमच्या भाषेतला हा एकच शब्द, एवढंच म्हणायचं होतं. मूठ आपटली. "लेत्!"

शेवटचा तुकडा काही येईना. ओठ नुसते हलत राहिले. फादरांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात मागच्या बाकावर टकटक झाली. पन्नाशीचा विन्सेंती टोपी हातात धरून उभा होता.

"नी," तो म्हणाला. "बरोबर ना, बाई?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोट लाकडावर टेकवलं. "नी."

चिठ्ठी त्यांनी फादरांना दिली नाही. घडी घालून खिशात ठेवली.