वाचणाऱ्याच्या वाटचं काम

ही हकीकत मी आजवर कुणाला पूर्ण सांगितली नाही. बायकोलाही नाही. कुणी विचारलं तर विषय बदलायचो. सांगायला बसलं की त्यात वाईट माणूस मीच निघतो, म्हणून. दुसरं कारण नाही.

रोह्याला आमच्या कंपनीचा गणपती बसायचा. पाचव्या दिवशी दुपारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये कामगारांचा कार्यक्रम. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, मागे सतरंजीवर आम्ही. कामगारांची भरती बघणारे साहेब मागे वळून म्हणाले, "अरे, तो तुझा पेणचा नमुना दाखव ना."

मी उठलो. काडीच्या जागी सुतळी बांधलेला चष्मा घातला. वड्याचा तेलकट कागद नाकाला लावून धरला. मान वाकडी केली आणि म्हणालो, "अहो मालक, बातमी अर्धीच आहे. उरलेला कागद कुठल्या गिऱ्हाइकाच्या पोटात गेला?"

हॉल नुसता उसळला. हसता हसता साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणखी चढलो, आवाज चिरका केला. तेव्हा दारात मला छत्री दिसली. छत्री धरून मास्तर उभे होते.

ज्याची नक्कल चालली होती तोच माणूस. आणि त्याला मीच बोलावलं होतं.

मास्तर शाळेतले नव्हेत. पेणला गणपतीच्या कारखान्यात मजूर. चौथीपर्यंत शिकलेले. कंपनीत लागण्याआधी सहा वर्षं मी त्याच कारखान्यात होतो. तिथे एक रीत होती. मूर्ती वाळल्या की पॉलिश पेपरने घासायच्या. दिवसभर तेच. हात चालतो, डोकं रिकामं. मास्तर मधोमध पाटावर बसून मोठ्याने वाचायचे, आणि त्यांच्या वाटच्या मूर्ती आम्ही वाटून घासायचो. एकेकाला दोन-तीन जास्त पडायच्या. कुणी कधी कुरकुरलं नाही. काम तेवढंच व्हायचं, म्हणून मालकही गप्प.

वाचायचे काय? वर्तमानपत्र. कामगार कायद्याचं पुस्तक. कुणाच्या तरी पोराचा दहावीचा भूगोल. मध्येच थांबायचे आणि बोट दाखवायचे, "तुम्ही सांगा. उभे राहून." बसून दिलेलं उत्तर त्यांना चालायचं नाही. मग आम्ही मातीच्या धुळीने माखलेले, हातात गणपतीचा उंदीर घेऊन, उभं राहून जपानच्या शेतीबद्दल बोलायचो.

सगळ्यांना अहो म्हणायचे. वाटेत आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही "अहो, जरा सरका" म्हणताना मी ऐकलंय. वड्याच्या कागदावर बातमी अर्धी निघाली की पुन्हा गाडीवर जायचे. एकदा उरलेला कागद ज्याने नेला त्याचं घर शोधत गेले. परत आल्यावर कारखान्यात कुणीतरी म्हणालं, "मास्तर, कागदासकट खाल्लान त्यानं!"

"मग चव कशी होती तेवढं तरी विचारायला हवं होतं," मास्तर म्हणाले. आमच्याबरोबर हसले आणि वाचायला लागले.

मी सातवीत शाळा सोडलेली. त्यांनी माझ्याकडून बाहेरून दहावीचा फॉर्म भरून घेतला. पास झालो. रोह्याला मुलाखतीला गेलो तेव्हा बाकीची पोरं जमिनीकडे बघून बोलत होती. मी ताठ उभा राहून बोललो. साहेबांनी विचारलं, "असं बोलायला कुठे शिकलास?"

मी म्हणालो, "शाळेत."

ही पहिली बेइमानी.

नोकरी मिळाली. पण साहेबांनी कधी माझं नाव घेतलं नाही. पेणचा म्हणून 'गणपती'. "ए गणपती, सोंड घरी विसरलास काय?" अख्ख्या शिफ्टसमोर. मीही हसायचो. आत जळायचं. पोट भरायचं होतं. मग माझ्या ध्यानात आलं, यांना हसायला दुसरा कुणी दिला तर हे मला सोडतील. मी मास्तरांना दिलं. पहिल्यांदा नक्कल केली त्या दिवसापासून साहेबांनी मला गणपती म्हणणं सोडलं.

मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मनात वेगळंच होतं. आमच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास वाचायची परवानगी त्यांना हवी होती. दर भेटीत तेच. "तुमच्याकडे चारशे माणसं आहेत. चारशे!" मी कंटाळून म्हटलं होतं, "गणपतीत पाचव्या दिवशी या. संध्याकाळी. साहेब खुशीत असतात." वेळेआधी येणं ही त्यांची सवय. ते दुपारच्या गाडीने आले.

साहेबांनी माझ्या नजरेच्या रोखाने मागे पाहिलं. "हाच का तो? ओरिजिनल?" टाळ्या पडल्या. "या मास्तर, या! वाचा काहीतरी!"

मास्तर चपला काढून पुढे आले. हातात चार घड्यांचा अर्ज. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या हातातल्या तेलकट कागदाकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "ज्यांचे हात कामात आहेत त्यांना मी वाचून दाखवतो. इथे सगळे नुसते बसलेत."

पुन्हा हशा. साहेबांनी मला विचारलं, "हा तुझा कोण रे?"

"कोण नाय साहेब. गावातला हाय."

मास्तरांनी अर्ज खिशात घातला. सगळ्यांना नमस्कार केला आणि स्टेशनकडे चालू लागले. मी मागे धावलो नाही. साहेब म्हणाले, "पुढचं कर." मी पुढचं केलं.

वर्षाच्या आत मी सुपरवायझर झालो. मास्तरांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. म्हणून एक टेपरेकॉर्डर घेतला आणि त्या कारखान्याला भेट दिला. मनाशी म्हटलं, प्रायश्चित्त. खरं तर मिरवायचं होतं. पोरं खूश. "भाऊ, आता मज्जा हाय!" गाणी लागली. मास्तर दोन दिवस गाण्यावर आवाज चढवून वाचत राहिले, असं मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आता तुमच्या मूर्ती तुम्हीच घासा." साठीचे हात. घासताना उंदरांचे कान मोडायचे. पुढच्या हंगामाला मालकाने त्यांना बोलावलं नाही.

लोक म्हणतात, टीव्ही आला, मोबाइल आला, कामगारांचं वाचन गेलं. इतर ठिकाणचं मला माहीत नाही. त्या कारखान्यातलं वाचन मी घालवलं.

नक्कल मात्र मी निवृत्त होईपर्यंत करत राहिलो.

निवृत्तांचा मेळावा होता. साहेबही आलेले, काठी टेकत. कुणीतरी म्हणालं, "दादा, ती पेणवाल्याची होऊन जाऊ द्या." मी उभा राहिलो.

"ती बंद," मी म्हणालो. "तो माणूस वेडा नव्हता. मला उभं राहून बोलायला त्यांनी शिकवलं. साहेब मला गणपती म्हणायचे. ते चुकवायला मी मास्तरांना पुढे केलं."

साहेब म्हणाले, "अरे, गंमत होती ती."

"तुमची होती साहेब. आमची नाय."

कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी मी पेणची गाडी धरली. नागोठणं गेलं, कासू गेलं, मी माफीचं वाक्य पाठ करत होतो. मास्तर भाचीच्या घरी ओट्यावर बसलेले. नव्वदीला टेकलेले. डोळ्यांत मोतीबिंदू. भाची म्हणाली, "कान पण गेलेत वो. आळीला ऐकू जाईल इतकं ओरडा, तरच कळतंय त्यांना."

मी वाकलो. "मास्तर, मी तुमचा..."

"अहो, मोठ्याने!"

समोरच्या ओट्यावर दोन बाया तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. एक दुसरीला म्हणाली, "कोण गो हा?" भाची दारात उभी. सगळी आळी ऐकत होती. आदल्या दिवशी हॉलभर माणसांसमोर बोललो होतो. त्या दोन बायांसमोर माझी जीभ उचलेना.

मी ओरडलो, "बरे आहात ना?"

"बरा आहे," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही?"

चहा पिऊन निघालो. पुन्हा येऊ म्हटलं. ते पावसाळ्यात गेले.

आता मला माफी नको. माफी मिळाली की माणूस मोकळा होतो, आणि मला मोकळं व्हायचं नाही. रोह्यात अजून दोघं-तिघं ती नक्कल करतात. माझ्याकडूनच उचललेली. त्यांच्या दारात जाणार आहे. त्यांच्या पोराबाळांसमोर सांगणार आहे की यातला हसण्यासारखा माणूस मी होतो. हाकलतील तर हाकलू देत. पुन्हा जाईन.

त्या ओट्यावर जे ओरडायचं होतं ते हे: मास्तर, तुम्ही माझे कोण ते मला ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. माझं चुकलं.