खो म्हणायचा असतो

आमची खोली आणि खातं यांच्यामध्ये एकच भिंत होती. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. वडील त्या खात्यात माग चालवायचे आणि आई घरात चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर धागा गुंडाळायची. खानदेशातून आम्ही पोटासाठी आलो, पण पहिली काही वर्षं पोटाचीही खात्री नव्हती. माग बंद राहिले की भाकरीबरोबर नुसता ठेचा असायचा. माग सुरू झाले की खायला मिळायचं, पण मग भिंतीपलीकडच्या खडखडाटात शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नसे.

त्यामुळे आमच्या घरी बोलणं कमी होतं. रुसवे-फुगवे असायचे, तेसुद्धा हातानंच. वडील खात्यातल्या खुणा घरी घेऊन आले होते. अंगठा ओठाला लावला की पाणी, बोटं पिळून दाखवली की धागा तुटला, पाठीवर थाप बसली की बाजूला हो. प्रत्येकाची एक खूण होती. मला बोलावायचं तर वडील कान धरून दाखवायचे, कारण माझे कान मोठे. नावानं त्यांनी मला क्वचितच हाक मारली असेल.

माझी थोरली बहीण तिसरीच्या तोंडी परीक्षेला उभी राहिली आणि एक शब्द बोलली नाही. तिला सगळं येत होतं. ती नापास झाली आणि चरख्यापाशी बसली ती कायमचीच. मी निभावले, कारण मी मुळातच भांडखोर. मास्तरांशीही वाद घालायचे. पुढे गुजरातीतून शिकून बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, तेव्हाही वाटला नाही.

सत्तरच्या दशकात मी आमच्याच वस्तीतल्या एका मराठी शाळेत शिकवायला लागले. चौथीचा वर्ग मिळाला. सगळी मुलं खात्यांच्या आसपासची. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि वर्गात काहीच नाही. प्रश्न विचारला की माझ्याकडे टक लावून बघत बसायची. मोठ्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, “बाई, जीव काढू नका. लेखी काढतील, तोंडीला पडतील. दरसाल हेच होतं.”

पडतील म्हणजे कुठे पडतील, हे मला ठाऊक होतं. पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. डोळे तरतरीत, अक्षर मोत्यासारखं, तोंडाला मात्र कुलूप. तिची आई शाळेत येऊन मला म्हणाली, “बेन, ती शाळामा बोलसच नही. औंदा पास नही व्हयनी ते कांड्या भराले बसाडसू. चार हात असले ते घर चालस.” तिच्या बोलण्यात राग नव्हता.

मी त्यांना मैदानात नेलं. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. बोलणारी मुलं खेळताना जास्त बोलतात, तर न बोलणारी थोडं तरी बोलतील, एवढाच माझा हिशोब. खो-खो सुरू केला. आणि मी बघतच राहिले. असा खो-खो मी कॉलेजातही पाहिला नव्हता. बसलेल्या रांगेतून नुसत्या नजरा आणि बोटं फिरायची आणि पळणारा कुठे कोंडायचा हे सगळ्यांना कळलेलं असायचं. एकजूट शिकवायची गरजच नव्हती. ती त्यांनी खात्यातून आणली होती.

मी फुशारकीनं शेजारच्या गुजराती शाळेशी सामना ठरवला. आणि तिथे आम्ही साफ हरलो. खो-खोत पाठीवर हात लावायचा आणि तोंडानं मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं. आमची मुलं नुसती थाप द्यायची. त्यांच्या घरी पाठीवर थाप पडली की उठायचं असतं, बोलायचं कशाला? पंच दरवेळी शिट्टी फुंकायचे, “फाऊल.” समोरची पोरं हसायला लागली, “मूंगा छे के शुं?”

परतताना मोठे गुरुजी म्हणाले, “सांगितलं होतं ना.”

“गुरुजी, ती मुकी नाहीत,” मी म्हटलं. “त्यांचं बोलणं हातात आहे. ते तोंडात आणायचं आहे.”

“आणा मग. परीक्षा काही थांबत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना घरून फडकी आणायला लावली. डोळे बांधून खेळायचं. एकानं बांधल्या डोळ्यांनी मैदानातली पाण्याची घागर शोधायची आणि बाकीच्यांनी जागेवरून वाट सांगायची. पहिल्या दिवशी शोधणारा भिंतीवर जाऊन आदळला. बाकीचे सवयीनं हातवारे करत उभे, आणि तो बिचारा कुणाचे हातवारे बघणार? मग कुणीतरी हळूच म्हणालं, “डावीकडं.” कुणाच्या डावीकडे, यावर भांडण झालं. तोंडानं झालेलं त्या वर्गातलं ते पहिलं भांडण. मी मिटवलं नाही.

मग लक्षात आलं की मुलं एकमेकांना नावानं हाक मारतच नाहीत. तिथेही खुणा. कुणाची गालावरचा तीळ, कुणाची लांब वेणी. म्हणून मी नियम केला: ज्याला सांगायचं त्याचं नाव आधी घ्यायचं, नाहीतर सांगणं बाद. सुरुवातीला लाजून हसायची. वेणीवाली ती पुढच्या बाकावरची मुलगी सगळ्यांत शेवटी बोलली, पण बोलली तेव्हा घागर सापडली. ती वाट फार नेमकी सांगायची. खो-खोत आता मैदानभर ‘खो’ ऐकू यायचा. शेजारच्या खात्यातला मुकादम एकदा दारात येऊन म्हणाला, “बेन, आमचे माग बरे.”

वर्गात मात्र अजून अडत होतं. तोंडी परीक्षेत एकेकाला खोलीत बोलावत, समोर परीक्षा घ्यायला बाहेरून आलेला परका साहेब. एकटं पडलं की मूल पुन्हा गप्प. परीक्षेच्या सकाळी मी साहेबांना म्हटलं, पाच-पाच जणांना एकत्र घ्या. एकानं धडा वाचावा, आणि पुढे कुणी बोलायचं ते त्यानंच नाव घेऊन सांगावं.

“ही परीक्षा आहे की खेळ?” ते म्हणाले.

“प्रश्न तुम्हीच विचारा. फक्त त्यांना एकटं उभं करू नका.”

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. मला वाटलं, गुरुजी आता पाणी फिरवणार. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “घेऊन बघा. यंदा मैदानावर फार ओरडतात.”

वेणीवालीचा गट तिसरा होता. शेजारच्या मुलीनं वाचन संपवून तिचं नाव घेतलं. साहेबांनी विचारलं, “पाऊस कसा पडतो?” ती उभी राहिली आणि गप्प. ओठ हलले, आवाज नाही. मी दाराशी उभी होते. आत बोलायची मला मुभा नव्हती. शेजारणीनं पुन्हा नाव घेतलं, जरा दमात, आणि म्हणाली, “बोल ना वं. मी शे ना आठे.” मी आहे ना इथं, एवढंच.

साहेब हसले. “ही कुठली भाषा?”

“घरनी,” शेजारीण म्हणाली.

तेवढ्यात वेणीवालीनं सुरुवात केली. समुद्राचं पाणी तापतं, वाफ होते, इथपासून ढगांपर्यंत सगळं, आणि मैदानात बोलावं तेवढ्या मोठ्यानं. साहेबांना हात वर करून सांगावं लागलं, “पुरे, पुरे, ऐकू येतंय.”

त्या वर्षी माझ्या वर्गातलं एकही मूल तोंडी परीक्षेत नापास झालं नाही, आणि ती मुलगी पाचवीला गेली.